मागच्या दारचा गॅस

डॉक्टरांनी सासूबाईंना पहिलाच प्रश्न विचारला, विडी ओढायचात का? दम लागलेला असतानाही त्या फणकारल्या, "मी कधी बिडीले हात बी नही लावा." मग चूल? चूल मात्र चाळीस वर्षं. कपाशी संपली की पऱ्हाट्या उपटून परसात रचायच्या आणि वर्षभर त्या जाळायच्या. डोळे चोळत त्यांनी घरच्यांच्या आणि सालदारांच्या भाकरी भाजल्या. घरात गॅस आला तो माझ्या लग्नानंतर. डॉक्टरांनी मान हलवली आणि घरी चोवीस तास ऑक्सिजन लागेल असं लिहून दिलं.

मशीन नंदुरबारहून भाड्याने आणलं. तापीकाठच्या आमच्या गावात तसलं मशीन पहिलंच, त्यामुळे दोन दिवस बायका बघायला येत होत्या. चाकांवरचं, लहान कपाटाएवढं, सतत घरघर करणारं. घेऊन आलेल्या माणसाने त्याच्या मागे कागद चिकटवून एक आकडा लिहिला. गाडीत किलोमीटर मोजतात तसे यात चाललेले तास मोजले जातात, म्हणाला. निघताना बजावलं की घरात विस्तव नको. गॅस नको, उदबत्ती नको, देवापुढे दिवासुद्धा नको.

आमचं स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली यांच्यात नुसती कमान आहे, दार नाही. म्हणजे गॅस घरातून गेलाच. ह्यांनी साधा उपाय सांगितला, "गॅस मांगलदारे मांडी देऊ. वर पत्रा शे." मागच्या दारी जागा होती, आडोसाही करता आला असता. पण माझ्या कपाळावर आठी आली. मी नवापूरची, माहेरी ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक करणारी. गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, वाऱ्यात बसून मी भाकरी थापणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. शहाद्याला जाऊन मी स्वतः इंडक्शनची शेगडी पसंत केली. काळी, गुळगुळीत, फडक्याने पुसली की झालं. मला ती आवडली होती, हे कबूल करते.

सासूबाई पलंगावरून कमानीतून बघत राहिल्या. "आग नही दिखस, मग सैपाक कसा व्हस?" मी हसले. अ‍ॅल्युमिनियमची पातेली तिच्यावर चालत नव्हती, ती माळ्यावर टाकली. लोखंडी तवा चालला. पण भाकरी शेवटी आचेवर टाकावी लागते, तेव्हा ती फुगते. इथे आचच नाही. फडक्याने दाबून दाबून भाजायची. ती वातड व्हायची, कधी मधे कच्ची राहायची. वांग्याचं भरीत तर बंदच झालं.

खरी कटकट संध्याकाळची. त्या वेळी आमच्याकडे लाईट मंद होते, दोन्हीला पुरत नाही. मी शेगडी लावली की मशीन टूं टूं करून ओरडायला लागायचं. शेगडी बंद केली की गप्प. पुन्हा लावली की पुन्हा तेच. पीठ हाताला लागलेलं, तवा अर्धा तापलेला, आणि कानाशी हे ओरडणं. महिनाभर मी दात खाऊन सहन केलं. एका संध्याकाळी लागोपाठ तिसरी भाकरी कच्ची निघाली आणि मी तोंड सोडलं. कमानीकडे तोंड करून ओरडले, "एक तं हाई चाली, नहीतं ती चाली. मी तरी काय करू?"

 नंतर जेवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरी, तू तुन्हं काम करी ले. मन्हं काय, मी बठेल शे."

दुसऱ्या दिवशी मशीन ओरडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गावातली लाईट सुधारली असं मी धरून चालले आणि ह्यांनाही तसंच सांगितलं. भाकरीही बऱ्या व्हायला लागल्या. आता त्रास एकच राहिला. सात वाजले की सासूबाई टीव्हीचा आवाज कानठळ्या बसतील एवढा मोठा करायच्या. कानही गेले वाटतं, असं मी शेजारणीला म्हटलं. मधूनच डोकावून बघायची. त्या उशीला टेकून बसलेल्या असायच्या, नाकात नळी, नजर मालिकेकडे. सगळं ठीक दिसायचं.

शेगडी बंद करताना टुंग वाजते. मी ताट वाढून नेईपर्यंत टीव्ही हळू झालेला असायचा आणि मशीनची घरघर चालू असायची. ताटाकडे मात्र त्या बघायच्याच नाहीत. ओठ काळसर, कपाळावर घाम. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. एवढ्या खटपटीने केलेली भाकरी अशी परत आली की माझं डोकं फिरायचं. दोन-तीनदा मी ताट आपटून उचललं आहे.

चार महिन्यांनी त्या गेल्या. पहाटे, झोपेत. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं संपलेलीच होती. आम्हीही तसंच मानलं.

तेरावं झाल्यावर मशीनवाला आला. मशीन वळवून त्याने मागचा कागद वाचला, मग पुढचा आकडा वाचला आणि कपाळ खाजवलं.

"ताई, तुमनाकडे लाईट जादा जास का?"

मी नाही म्हटलं. गेली तरी पाच-दहा मिनिटं.

"मंग मशीन बंद करी ठेवेत का तुम्ही? रोजनं दीड तास तरी कमी चालेल शे."

कधीच नाही, मी म्हटलं. दिवसरात्र चालू होतं. सासूबाईंच्या उशाशीच तर असायचं, बटण त्यांच्या हाताशी. हे बोलता बोलता माझी जीभ अडली. रोजचा दीड तास. रोजचा माझा स्वयंपाक. मशीन बंद झाल्याचं मला कळू नये म्हणून वाढवलेला टीव्ही. नळी तशीच नाकात. आणि शेगडीची टुंग ऐकली की पुन्हा बटण.

तो माणूस मशीन गाडीत चढवून गेला. मी कमानीत उभी राहून तो पलंग बघत होते. चाळीस वर्षं धूर गिळून त्यांनी या घराला जेवू घातलं होतं, आणि मी माझ्या भाकरीसाठी त्यांचा श्वास रोज दीड तास बंद करत होते. हे मी ह्यांना सांगितलं. ते बाहेर जाऊन बसले.

शेगडी मी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली. गॅस मागच्या दारी, पत्र्याखाली मांडला. हे दोनदा म्हणाले की आता आत घे, घरात आता मशीन कुठे आहे? शेजारणीही विचारतात. मी गल्लीसमोर पाटावर बसून भाकरी थापते, आचेवर टाकते, ती टम्म फुगते. वारा आला की ज्योत विझते, मी पुन्हा पेटवते. एवढंच तर करायचं होतं.