माशाच्या यकृतातलं विकर

सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. त्या लॅबमधलं एकही रीडिंग आता आठवत नाही; किस्से मात्र साठत गेले. मित्रांत एक सांगावा, तर मागून दुसरा येतोच. सुरुवातीला हसू येतं. शेवटी मीच गप्प होतो.

आमचे सर नदीतल्या माशांच्या यकृतातलं विकर, म्हणजे एन्झाइम, मोजत. पाणी बिघडलं की मासा मरायच्या कितीतरी आधी ते घटतं, असं त्यांचं म्हणणं. मासे द्यायचे तात्या. नदीत मासे धरून काष्टीच्या बाजारात विकणारे.

पहिल्याच दिवशी तात्यांनी विचारलं, "काय तपासता?"

"विकर."

"इकार? मग औषिद द्या की! कापता कशाला?"

*

नदीकाठीच मासा कापून यकृत बर्फात घालावं लागे. मी गारेगारवाल्याकडे बर्फ मागितला. कशाला, ते ऐकून तो म्हणाला, "मास्तर, जित्या मानसाला गारवा न्हाई, अन् मेल्या माशाची एवडी बडदास्त!"

*

एकदा तात्या म्हणाले, "कारखान्याच्या नाल्याखालचा मासा हातातनं निसटत न्हाई. लई सुस्त लागतो."

सरांनी हसण्यावारी नेलं. आठवड्याभरात त्याच माशांचं रीडिंग घसरलेलं निघालं. सर चष्मा पुसत म्हणाले, "अरे, त्यांचा हात आपल्या मशीनपेक्षा फास्ट आहे!"

*

तक्ते घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. मॅनेजरनी चहा पाजला.

"मेलेला मासा कुठंय?"

"अजून मेला नाही, साहेब."

"मग तक्रार कसली!"

परतताना सर म्हणाले, "आणखी रीडिंग्ज घेऊ. पक्कं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. तात्यांनाही नाही."

मी मान डोलावली. निदान मी तरी बोलायला हवं होतं.

*

उन्हाळ्यात तात्या स्वतः लॅबमध्ये आले. डोक्यावर पाटी, पाटीत मेलेले मासे.

सर म्हणाले, "तात्या, असे चालत नाहीत हो. विकर टिकत नाही."

"तपासाया न्हाई आनले. डोहातलं समदं मासं मरून वर आलंय." तात्यांनी पाटी टेबलावर ठेवली. "सर, पानी बिगडलंय ते तुमाला कदी कळलं हुतं?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"दिवाळीत."

तात्यांनी पाटी उचलली.

"दिवाळीपासनं माझी पोरं ह्येच मासं खात्यात, सर!"