पाइपवरची तीन टकटक

माझे मामा इस्पितळाच्या लाँड्रीत एकतीस वर्षं वाफ सोडायचं काम करत. तळघरात भिंतीच्या अलीकडे बॉयलर आणि मामा. पलीकडे इस्त्रीची लांब टेबलं, सात बायका आणि त्यांतलीच एक मामी. मधल्या भिंतीतून इस्त्रीच्या टेबलांपर्यंत गेलेला एक पाइप. सकाळी वाफेत चादरी अशा तरंगायच्या की खोलीला जमीन आहे की नाही, तेच कळू नये.

मामांच्या निवृत्तीला महिना उरला, तेव्हा साहेबांनी त्यांच्या कामाची पुस्तिका लिहायला मला बसवलं. मामा गेल्यावर सगळा भरवसा तिच्यावर. मी वरच्या मजल्यावरची कारकून. उंटावरून शेळ्या हाकायची सवय. मामा अर्धे डोळे मिटून सांगायचे आणि सांगता सांगता हरवायचे.

"वॉल्व्ह पाव फेरा फिरवायचा. मग थांबायचं. पाइप जागा होतो, त्याला होऊ द्यायचं."

"किती वेळ?"

"त्यानं कूस बदलेपर्यंत."

मी लिहिलं, दोन मिनिटं.

"पण सगळ्यात आधी पान्यानं पाइपवर तीन टकटक," ते म्हणाले.

"कशासाठी?"

मामा कानापर्यंत लाल झाले. "सवय."

सवय म्हणजे काही कारण नव्हे. मी ती पायरी खोडली. अकरा पायऱ्यांची नेटकी पुस्तिका तयार झाली आणि मला शिंगं फुटली.

तिची परीक्षा घ्यायची म्हणून मामांना एक दिवस घरी बसवलं. नव्या ऑपरेटरबाई पुस्तिका वाचत वॉल्व्ह फिरवणार होत्या. मी पलीकडे मामीच्या टेबलाला टेकून उभी होते. सगळं इतकं पांढरं, ऊबदार होतं की मला पेंग आली. तेवढ्यात पाइपच्या तोंडातून साचलेलं कढत पाणी फुरकन उडालं, थेट माझ्या मनगटावर.

"आज टकटक कशी नाही झाली?" इस्त्रीवाल्या बायकांपैकी एक म्हणाली. टकटक ऐकली की त्या सगळ्या रोज हात मागे घेत. कुणी शिकवलं नव्हतं. आपण असं करतो, हेही त्यांना आत्ताच कळत होतं.

मामीनं माझा हात नळाखाली धरला. तिच्या मनगटावर त्याच जागी जुना डाग होता.

"हात दाखवून अवलक्षण केलंस गं," ती म्हणाली. "हा तुझ्या मामांच्या हातून झालेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून टकटक सुरू."

"त्यावर मामा कधी काही बोलले नाहीत?"

"बोलतात की. रोज सकाळी, तीनदा."

मला रडू आलं. भाजल्याचं नाही, खोडल्याचं.

संध्याकाळी मामांकडे गेले. माझं मनगट बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांच्यासमोर पहिली पायरी लिहिली: वॉल्व्हला हात लावण्याआधी पाइपवर तीन टकटक. कारण, पलीकडे माणसं आहेत.

मामांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातून पेन घेतलं आणि 'माणसं'च्या आधी, वाकड्या अक्षरांत, एक शब्द घातला: आपली.