कल्हई गेलेला तांब्या

बायको जाऊन चार महिने झाले. तिला एक गोष्ट कबूल केली होती, ती जन्मभर टाळली. ती लिहायला बसलो आहे. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, आमची तहशील मलकापूरची. गाव रोहिणखेडच्या अलीकडं दोन कोस. बायकोला जेवलं की छातीत जळायचं. आंबट पाणी घशाशी यायचं अन् ती चुलीपुढं बसून गिळत राहायची. मी जेवून सुपारी फोडेपर्यंत ती पानावर बसत नसे. मग उरलेली कोरडी भाकर ठेच्यासोबत खायची. त्यानं जळते हे आज कळतं. तेव्हा म्हणायचो, "तुले काई ना काई लागलंच राह्यते."

मागच्या भिंतीपलीकडं पिंजाऱ्याचं घर. पिंजारी तेव्हा पोरगाच, कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. त्याची म्हातारी आई जांभळाचा सिरका करायची, उन्हात आंबवलेला, काळा, नाकाला झोंबणारा. भिंतीवरून दोघींचं बोलणं चाले. एक दिवस म्हातारी म्हणाली, "बहू, जेवल्यावर एक चम्मच गिलासभर पान्यात घेत जा. मलेबी असंच जळे." आणि तिनं चिनी मातीची बरणी भिंतीवर ठेवली.

मी आडवा आलो. औषधाला विटाळ नाही, पण त्यांच्या घरची बरणी आमच्या चुलीजवळ नको. मातीचं भांडं बाटलं की बाटलंच, पितळ राखेनं घासलं की शुद्ध, असं आमचं शास्त्र. माळ्यावरचा पितळी तांब्या काढला अन् सिरका त्यात ओतून घेतला. तांब्याची कल्हई गेलेली, आतून पिवळं उघडं पडलेलं.

बायको म्हणाली, "आंबट हाये ते. पितळेत कळकन. ताकबी ठेवत नाई आपन."

"तुले लय कळते! दवाई हाये, ताक नोहे."

पहिले दोन दिवस तिला खरंच बरं वाटलं. पाचव्या दिवशी घोट घेतला अन् ओकली. हिरवट पाणी, पोटात पिळा. दोन दिवस उभी राहिली नाही.

मी तांब्यात पाहिलं. आत काठाला हिरवा थर होता. पाहिलं, समजलो, आणि तरी विहिरीवर गेलो. म्हातारी घागर घेऊन आली होती. चार बायांसमोर ओरडलो, "काय घातलं व बुढे त्यात? माही बायको मारून टाकतं काय?"

तिनं घागर खाली ठेवली. "कायच्यात ठेवलं होतं, भाऊ?"

"यायच्या हातचं काई घेऊ नोका," असं बायांना बजावून निघून आलो.

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतली एकही रजई पिंजाऱ्याकडं गेली नाही.

बायको उठून बसली ती पहिलं हेच बोलली, "जा, इहिरीवर सांगा, तांब्या आपला होता."

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो म्हनलं ना!"

होळीनंतर पिंजाऱ्यानं बिऱ्हाड गाडीत घातलं अन् मलकापूरला गेला. दरवर्षी जांभळं आली की बायको विचारायची, "सांगतलं काय?" मी उठून बाहेर जायचो. शेवटच्या तापात तिनं विचारलं नाही. नुसतं पाहिलं.

तेराव्यानंतर मलकापूरला गेलो. पिंजाऱ्याची आता दाढी पांढरी झालेली, गादी शिवत बसला होता. आई केव्हाच गेलेली. मी सगळं सांगितलं. सुई न थांबवता तो म्हणाला, "अम्माले मालूम होतं. तुमी इहिरीवर बोलले त्याच्या तिसऱ्याच दिवशी तुमच्या घरच्या बाईनं भिंतीवरून सांगतलं होतं, रडून रडून."

"मंग तुमी गावात काऊन नाई बोलले?"

"अम्मा म्हने, आपन बोललो तर त्या बाईले मार बसन." मग सुई थांबली. "मले सांगून काय होते, भाऊ? इहिरीवर सांगा."

मी तिला मारायचो. भिंत काही फार उंच नव्हती, पलीकडं सगळं ऐकू जायचं.

परत येऊन विहिरीवर गेलो. त्या चार बायांतली एकच उरली आहे, तिला ऐकू येत नाही. बाकी नव्या सुना. म्हातारा तहानलेला आला असं समजून एकीनं पदर ओढून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. प्यालो अन् न सांगताच घरी आलो.

म्हणून इथं सांगतो. म्हातारीच्या सिरक्यात काही नव्हतं. तांब्या माझा होता, अन् बायको नाही म्हणत असताना मी त्यात ओतला. गावात ज्याला वाचता येते त्यानं हे विहिरीवर मोठ्यानं वाचावं. सकाळी, बाया पाण्याला येतात तेव्हा.