आइस्क्रीमच्या फ्रीजरमधलं विमान

दुकानात आले की ते गल्ल्याकडे न येता थेट फ्रीजरपाशी जाऊन उभे राहायचे. हातात झाकणाचा स्टीलचा डबा. बोटाच्या पेरानं झाकणावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "ताई, याला जरा थंडी द्या."

कामतघरला माझं दूध-दह्याचं दुकान आहे. आइस्क्रीमचा फ्रीजर वेगळा. त्यातला एक कोपरा त्यांचा कसा झाला, हे मला नीट सांगता येणार नाही. पहिल्यांदा मी सरळ नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं, निदान डबा पिशवीत बांधून तरी आणा. तिसऱ्यांदा ते पिशवी बांधूनच आले. मग मी कोपऱ्यातले आइस्क्रीमचे कप सरकवून जागा केली.

एकदा शेजारच्या कारखान्यातला एक लूमवाला कुल्फी घेताना तो डबा बघून म्हणाला, "चाचा, मछली रखी है क्या?"

"हवाई जहाज है. हात मत लगाना, ठंडा हो रहा है."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सही बोल रहे हैं. कुल्फी लो और ढक्कन बंद करो."

ते पॉवरलूमचे जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो उघडून दुरुस्त करणारा, सेटिंग लावून देणारा माणूस. सगळी गल्ली त्यांना जॉबरकाका म्हणायची. मालकानं कारखाना बंद केला, लूम भंगारात गेले आणि त्या लूमच्या मागोमाग काकाही भंगाराच्या गाळ्यात जाऊन बसायला लागले. तिथं त्यांना मानकोलीच्या गोदामांमधून टाकून दिलेला माल दिसला. प्लास्टिकची विमानं, जहाजं, रणगाडे. सुटे भाग गोंदानं जोडून तयार करायचे ते सेट. कुणी हौसेनं घेतलेले, वाकडेतिकडे चिकटवलेले आणि कंटाळून परत पाठवलेले. काका ते घरी आणायचे, जोड उकलून पुन्हा सुटे करायचे, घासूनपुसून नीट बांधायचे.

"तोडायचं न्हाय, सोडवायचं," असं म्हणायचे. मुलं खेळणं ओढायला लागली तरी हेच, आणि मी दुधाची पिशवी दातानं फाडली तरी हेच.

तुम्ही म्हणाल, त्यात फ्रीजर कशाला? मलाही तोच प्रश्न होता. काही गोंद थंडीनं कडक होतो, ठिसूळ होतो. डबा काढला की काका विमान कानाशी धरायचे, पंख किंचित पिरगाळायचे आणि टक् असा आवाज आला की माझ्याकडे बघायचे. मी हिशोबात असले तरी बघायचे. रंग काढायला स्पिरिट. आणि जो जोड थंडीलाही दाद देत नाही, त्याला सूत. लूमवरचं पॉलिएस्टरचं सूत साबणाच्या पाण्यात बुडवून ते जोडाच्या फटीत घालायचे आणि करवतीसारखं पुढंमागं ओढत बसायचे. हळू. भराभर ओढलं तर प्लास्टिक तापतं, वितळतं आणि मागून परत चिकटत येतं.

हे सगळं ते माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसून करायचे, कारण घरात काकूंनी बंदी घातली होती. काकू मला म्हणाल्या, "बारीक तुकडं उडतात म्हणून पंखा बंद करून बसतो हा माणूस. त्याची विमानं जगायची आन मी घामानं मरायची."

पण काका हे वेळ घालवायला करत नव्हते. त्यांना एक विमान सोडवायचं होतं आणि बाकीची सगळी त्या एकासाठी हात बसवायला होती.

ते विमान त्यांच्या मुलीचं. ती शाळेत असताना तिच्या मामानं दुबईहून आणलेलं. त्यातला पायलट नखाएवढा. ती त्याला रोज थोडं थोडं रंगवत होती, टोपी, चष्मा, मिशी, आणि त्या दिवशी मैत्रिणींना दाखवायला शाळेतही घेऊन गेली होती. काका ड्युटीवरून आले, त्यांनी सगळे तुकडे पसरलेले बघितले आणि मुलगी शाळेतून यायच्या आत विमान बांधून टाकलं. तिला आनंद होईल म्हणून. सेटमधली गोंदाची ट्यूब बघून त्यांना हसू आलं, एवढ्यानं काय होतंय. नळाचे पाइप जोडायचं सोल्युशन घरात होतं, ते लावलं. जॉबरचा हात, काहीही जोडलं की हलता कामा नये. मुलगी आली ती पायलट हातात घेऊन.

"बाबा, हा कुठं बसणार?"

घरात पुढे हा विनोद झाला. पाहुणे आले की पायलट राहिल्याची गोष्ट निघायची, मुलगीही हसायची.

ती नाशिकला नर्सिंगला असताना काकांनी तिचं लग्न ठरवलं. वडपे गावचं घर, जमिनीवर गोदामं झालेली, मुलगा चांगला. शब्द देऊन, साखरपुड्याची तारीख पक्की करून त्यांनी तिला फोन केला. परत तसंच, तिला आनंद होईल म्हणून. ती म्हणाली, "बाबा, विमान पण असंच केलं होतंत." साखरपुड्याला ती आली नाही. पाहुण्यांसमोर काकांची मान खाली गेली. त्यांनी रागात तिला काही बोलून टाकलं आणि त्यानंतर काकांनी फोन उचलला की ती एवढंच म्हणायची, "आईला द्या."

असं बरीच वर्षं चाललं. तिनं पुढे स्वतः लग्न केलं, तेही काकांना काकूंकडून कळलं.

मी त्यांना सांगून बघितलं. "काका, फोन करा आणि चुकलं म्हणा. विषय संपला."

"ताई, बोलून काय व्हतंय. मी बोलायला लागलो की जास्तच बोलतो."

हे मात्र खरं होतं.

मग काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि लेक येणार असं कळलं. दुसऱ्या दिवशी काका ते विमान घेऊन आले. मी पहिल्यांदाच बघत होते. करडं, तळव्याएवढं, धुळीनं मळलेलं. पायलटच्या जागेवरची काच पिवळी पडली होती. फ्रीजरमध्ये ठेवलं, काढलं, कानाशी धरलं. आवाज नाही. परत ठेवलं, परत काढलं.

"पार एकजीव झालंय," ते म्हणाले आणि सूत काढलं.

रोज दुपारी बाकावर तेच. गिऱ्हाइकं विचारायची, मी हातानंच गप्प करायची. शेवटी माझाच धीर सुटला. म्हटलं, "ब्लेड देऊ का? पाच मिनिटांत होईल."

"ब्लेड त्याला वाटंल तिकडं जातं, ताई. सूत जोडातच ऱ्हातं."

लेक यायच्या आदल्या दिवशी विमान उघडलं. टक् वगैरे काही झालं नाही. दोन भाग हातात आले, एवढंच. मी गल्ला सोडून बघायला गेले. आत सोल्युशनचं वाळलेलं ढेकूळ होतं आणि वितळलेल्या प्लास्टिकवर अंगठ्याचा ठसा, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. काका त्यावर आपला अंगठा ठेवून बघत होते.

मी म्हटलं, "आता बसवा पायलट. बाकीच्या विमानांतले डबाभर आहेत तुमच्याकडे."

ते कडा घासत राहिले. पॉलिशपेपर, फुंकर, पुन्हा पॉलिशपेपर. दोन्ही भाग एकमेकांना लावून बघितले, बरोबर बसत होते. काढले. परत लावले. मग खिशातून गोंदाची ट्यूब काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं असली तर मी जोडून टाकीन."

"कधीपर्यंत?"

"ती मागंपर्यंत."

मी ट्यूब गल्ल्यात टाकली. सुट्या नाण्यांमध्ये ती रोज हाताला लागायची. लेक आली, काकूंचं ऑपरेशन झालं, डोळ्याला हिरवी पट्टी बांधून काकू घरी आल्या. काका दूध न्यायला यायचे, फ्रीजरकडे बघायचेही नाहीत. ट्यूब परत मागितली नव्हती, त्यावरूनच लेकीनं अजून काही विचारलं नाही हे कळत होतं.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दुकानात आली. काकांचंच नाक. अर्धा लिटर दूध घेतलं आणि म्हणाली, "जय भीम मावशी. बाबांची एक ट्यूब तुमच्याकडे आहे ना?"

"आहे. काय म्हणाले बाबा?"

"काही नाही. तुकडे टीव्हीजवळ ठेवलेत उघडे. चार दिवस मी बघतेय, ते बघतायत मी बघतेय का. शेवटी मीच विचारलं, गोंद कुठंय. तर म्हणाले, दुकानात."

"आणि तो पायलट?"

"तो हॉस्टेल बदलताना कुठं गेला कुणास ठाऊक. आज बाबांच्या डब्यातून एक काढला. ह्याला मिशी नाही, पण चालेल." ती ट्यूबचं टोपण उघडून बघत होती. "वाळलाय का हो हा?"

मी म्हटलं, थोडा दाबून बघ. गोंद आला.

पुढच्या महिन्यात ती दोघांनाही नाशिकला घेऊन गेली. त्यांची चाळीतली खोली आता एका पार्सलवाल्यानं घेतली आहे. बाकावर कुणीही बसतं.

मध्यंतरी काकांचा फोन आला होता. काकूंची तब्येत, नाशिकची हवा, दुधाची चव झाली. मग म्हणाले, "ताई, तिनं डाव्या पंखाला गोंद कमी लावलाय. हालतोय तो."

"मग सांगा की तिला."

"न्हाय," ते म्हणाले. "हालू दे."