तीन हजार फुटांखाली नाही

"एवढा पैसा भरून इमान भाड्यानं घेतलं अन् तुमी म्हणता मांडवावर खाली न्हाई आणत? काहून?"

देशमुखसाहेब विचारत होते. गोरेगाव नावाच्या खेड्याच्या गायरानात मी विमानावर चढून टाकीत पेट्रोल ओतत होतो. आणलेला शेवटचा डबा होता. देशमुख रेशमी फेटा बांधून, झेंडूच्या पाकळ्यांची टोपली हातात धरून उभे होते. त्यांच्या लेकीचं लग्न त्याच संध्याकाळी हैद्राबादेत, व्याह्यांच्या घरी होतं. घरची मंडळी तीन दिवस आधी रेल्वेने गेली होती. देशमुख मागे राहिले, ते केवळ विमानातून मांडवावर फुलं उधळत यायचं म्हणून.

मी हैद्राबादच्या एका फ्लाइंग क्लबात पायलट होतो. मूळचा गोरेगावच्याच बाजूच्या शिरड शहापूरचा. त्यामुळे या भागाचं काम निघालं की सेक्रेटरीसाहेब मलाच पाठवत. फुलं टाकायची परवानगी त्यांनी काढली होती. निघताना माझ्या कानाशी लागून म्हणाले होते, "देशमुख मोठे माणूस आहेत. थोडं खाली घ्या. कोण बघतंय?"

मी देशमुखांना उत्तर देणार होतो, पण मध्येच सोमला नाईक बोलला. हा गायरानाशेजारच्या तांड्यावरचा म्हातारा. सकाळपासून विमानाजवळ गुरं येऊ न देण्याचं काम त्याने अंगावर घेतलं होतं.

"इंजन एकच हाय का याला?"

"एकच."

"अन् ते बंद पडलं तर?"

"तर घारीसारखं तरंगत खाली यायचं. त्याला ग्लाइड म्हणतात. हजार फुटांवर असलो तर साधारण दीड मैल जाता येतं. तेवढ्यात मोकळी जागा गाठायची."

सोमलाने विचार केला. "शहरात मोकळी जागा कुठं ऱ्हाती?"

"म्हणूनच नियम आहे. एका इंजिनाचं विमान शहरावर इतकं उंच ठेवायचं, की इंजिन बंद पडलं तरी वस्तीच्या बाहेर जाऊन उतरता आलं पाहिजे. मी तीन हजार फूट धरतो."

"बराबर हाय," सोमला म्हणाला.

देशमुखांना ते बराबर वाटलं नाही. "तीन हजार फुटांवरून फुलं टाकली तर व्याह्याच्या मांडवात एक तरी पडंल का?"

"नाही पडणार."

ते तोंड फिरवून विमानात जाऊन बसले. आमचं विमान दोन माणसांचं, वरून उघडं. पुढे प्रवासी, मागे पायलट, आणि बोलायला मध्ये रबरी नळी. उड्डाण केल्यापासून तीन तास त्या नळीतून एक शब्द आला नाही. मला धास्ती होती ती नोकरीची. हा माणूस सेक्रेटरींपुढे तक्रार करणार, हे नक्की होतं.

शहर दिसलं तशी नळी बोलू लागली. "ते मांडवाचं लाल कापड! घ्या की खाली!"

"नाही साहेब."

"एकदाच!"

तेव्हा मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, यांना दाखवूनच देऊ. "थांबा, इंजिन गेलं तर काय होतं ते दाखवतो," असं म्हणून मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा, पूर्ण मागे घेतला. इंजिनाचा आवाज अगदी बारीक झाला. वारा तेवढा तारांमधून सळसळत राहिला. मी ऐटीत समजावत होतो. असं ग्लाइड करताना मधूनमधून इंजिनाला थोडा जोर द्यावा लागतो, नाहीतर ते थंड होतं, प्लगला तेल धरतं आणि ठिणगी पडत नाही. बोलण्याच्या नादात मी तेच विसरलो. थ्रॉटल पुढे केला. इंजिन दोनदा खोकलं आणि पंखा उभाच राहिला.

पंखा हाताने फिरवून चालू करायचा असतो, जमिनीवर उभं राहून.

देशमुख म्हणाले, "समजलं. आता करा चालू."

"होत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे खरंच बंद पडलं."

हात नेहमीचं काम करत होते. उंची होती. शहराच्या कडेला एक आटलेलं तळं दिसत होतं. वाऱ्याचा अंदाज घेतला आणि तिकडे वळलो. शेवटची घरं गेली तेव्हा खाली अजून आठशे फूट शिल्लक होते. तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलावर दोन उड्या मारून विमान थांबलं. चार म्हशींनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

देशमुख अजून टोपली पोटाशी धरूनच बसले होते. मग हळूच म्हणाले, "तुमी माझं ऐकून पाचशे फुटांवर आला असता तर?"

"तर फुलं बराबर मांडवात पडली असती."

"अन् माझ्यासकट!" ते इतक्या जोरात हसले की फेटा सुटला. "व्याही म्हणला असता, सासरा वरून टाकायची काय रीत काढली गोरेगाववाल्यानं!"

तळ्यापासून मांडव दीड मैलावर होता. विमानतळ त्याहून लांब. म्हणजे मी त्यांना लग्नाच्या जास्तच जवळ उतरवलं होतं. एका बैलगाडीवाल्याने त्यांना सडकेपर्यंत सोडलं, पुढे टांगा मिळाला. गोरज मुहूर्ताला वेळ होता. पाकळ्या त्यांनी लेकीवर स्वतःच्या हातांनी टाकल्या, आणि तक्रार तर सोडाच, मांडवभर माझी तारीफ करत फिरले.

मी प्लग पुसले, एका गवळ्याला नीट शिकवून पंखा फिरवायला लावला आणि संध्याकाळच्या आत विमान क्लबात आणलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलं. समोर माझा रिपोर्ट होता.

"इंजिन बंद कोणी केलं?"

"मीच, साहेब."

"शहरावर?"

"हो. नियम समजावून सांगत होतो."

त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. खाली घ्यायला कोणी सांगितलं होतं, ते दोघांनाही आठवत होतं, त्यामुळे आवाज फार चढला नाही.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "खडू आणि फळा वापरा."

तेव्हापासून मी तसंच करतो. नियम समजावून सांगायचा तो जमिनीवर. हवेत गेल्यावर नुसता पाळायचा.