सातच्या आधीची दोन शून्यं

आमची मुलगी घाटंजीत, घरी बसून, क्रिप्टो चलनाचं सॉफ्टवेअर लिहिते. नातेवाइकांना हे सांगताना माझ्या चेहऱ्यावर जाणकाराचा भाव येतो आणि त्यांचा दुसरा प्रश्न येईपर्यंत टिकतो. त्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी तिच्याकडून एक उदाहरण पाठ करून घेतलं होतं. लग्नपत्रिका कोणत्या अक्षरात छापायची हे आपलं आपण ठरवावं. मुहूर्त बदलायचा तर मात्र सगळ्या सोयऱ्यांना विचारावं लागतं, नाहीतर अर्धे पाहुणे एका दिवशी येतील, अर्धे दुसऱ्या. या चलनाच्या नोंदी जगभरच्या कॉम्प्युटरांवर असतात. नोंद कशी लिहायची ही झाली पत्रिका. कोणती नोंद खरी मानायची हा मुहूर्त.

तिचा नवा बदल पत्रिकेतलाच होता. आकडा नेमका लिहिलेला असावा, पसरट लिहिलेला घेऊ नये, एवढंच. त्या संध्याकाळच्या मिटिंगमध्ये तो मंजूर व्हायचा होता आणि त्यानंतर तिची कंत्राटी नोकरी कायम होणार होती. बायकोनं सकाळीच शिऱ्याचा रवा भाजून ठेवला होता.

दुपारी मुलीनं शेवटची चाचणी मांडली. तिच्या लॅपटॉपवर नवा प्रोग्राम होता. जुना प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरवर, कारण अपडेटचं बटण दिसलं की मी माउस सोडून उठतो. चलन लुटुपुटीचं.

"बाबा, या चौकटीत आकडा टाका अन् पाठवा. टाकसान तसाच जाते तो."

"कोणता टाकू?"

"कोणताबी. सात टाका."

मी पाठवला. माझ्या कॉम्प्युटरनं नोंद घेतली आणि तिच्यावर पुढच्या नोंदी रचत निघाला. लॅपटॉपनं ती नाकारली. मग तिच्या पुढचं सगळंच नाकारलं. एकाच घरात, एकाच टेबलावर, दोन वेगळे हिशेब चालू झाले.

मुलीनं दोन्ही पडदे ताडून पाहिले.

"काय टाकलं तुम्ही?"

"सात."

"निस्ता सात?"

"शून्य शून्य सात. आधी जागा मोकळी दिसली."

मी पतसंस्थेत कॅशियर होतो. आकड्याआधी मोकळी जागा ठेवली की कोणीतरी तिथे एक आकडा घुसवतो, म्हणून आम्ही शून्यं भरायचो. हात अजून भरतो.

बायको आतून म्हणाली, "अवो, पोरीच्या मशीनले कायले हात लावता?"

"तिनंच सांगितलं," मी म्हणालो. मनातून मात्र मला वाटलं, पोरीची नोकरी मी घालवली.

"तुमचं काई नाई चुकलं, बाबा," ती म्हणाली. आवाज कोरडा. "मले वाटलं, मी निस्ती लिवाची रीत बदलून राह्यली. पण जुनी मशीन ही शून्यं घेते, नवी घेत नाई. म्हणजे मी नियमच बदलला, अन् कोणाले विचारलं नाई. हे बाहेर गेलं असतं तर साऱ्या जगात असंच झालं असतं. कोणाचा पैसा इकडे खरा, तिकडे खोटा."

"तपासलं नव्हतं कोणी?"

"साऱ्यायनं तपासलं."

हे ऐकून मी खाली बसलो. इतकी शिकलेली माणसं, इतक्या देशांतली, आणि कोणाला दिसलं नाही.

"आज सांगाच लागते का?" मी विचारलं. बापानं विचारू नये, पण विचारलं.

तिनं मिटिंगच्या टिपणात तो सात, शून्यांसकट, सगळ्यात वर लिहिला.

मिटिंग सुरू झाल्या झाल्या तिनं सांगितलं. मी दाराशी उभा होतो. पलीकडून तिच्या टीमच्या प्रमुखांचा आवाज आला: बदल मागे घ्या, यावर सगळ्यांची संमती घ्यावी लागेल, वेळ जाईल. कायम करायचंही तेव्हाच पाहू.

"हो," ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.

माझा कॉम्प्युटर बाजूला अजून नोंदी रचत होता, एकटाच. तो बंद करायला आमच्यापैकी कोणाचाच हात उठेना.