खरकट्यातले चमचे

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. इतकी वर्षं झाली तरी ते प्रकरण डोक्यातून गेलेलं नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. मी अंधेरीला फौजदार होतो. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलातून चांगले जड चमचे गायब होत असल्याची फिर्याद आली. चारेक दिवसांनी कपाळावर व्रण असलेला एक माणूस ठाण्यात येऊन खबर देऊन गेला. "हॉटेलचं खरकटं उचलणारा म्हातारा आहे ना, गावठाणातला डुकरंवाला, त्याच्या घरात बघा."

म्हातारा ख्रिस्ती, साठीच्या पुढचा. रोज हातगाडीवर पिंपं घालून हॉटेलच्या मागच्या दाराशी जायचा, उष्टं-खरकटं भरून आणायचा आणि ते उकळून डुकरांना घालायचा. पंच घेऊन आम्ही गेलो. पलंगाखाली फडक्यात बांधलेले एकतीस चमचे मिळाले. पंचनामा झाला. संध्याकाळी गावठाणातल्या क्रुसापाशी प्रार्थनेला माणसं जमली होती. त्यांच्यासमोरून मी त्याला दोरी लावून नेलं. जायला दुसरी वाट होती.

कोर्टातून दोन दिवसांची कोठडी घेतली. चौकशीत तो एकच सांगत राहिला.

"साहेब, खरकट्यात चमचे येतातच. हात घालून काढायला लागतात, डुकराच्या घशात गेला तर जनावर मरंल. धुतो आन् शनवारी परत देतो. दोन शनवार ताप होता, म्हनून राहिले."

"कोणाला देतोस?"

"भांडी घासतात त्यांना."

हॉटेलात जाऊन मॅनेजरसमोर भांडी घासणाऱ्या तिघांचे जबाब घेतले. तिघेही म्हणाले, "आम्हाला काही माहीत नाही." माझ्या लेखी म्हातारा खोटा ठरला.

तरी काही जुळत नव्हतं. एकही चमचा कुठे विकल्याचं सापडेना. मी स्टेशन डायरी लिहायचो आणि लिहिलेलं मलाच पटायचं नाही. आमचे हवालदार मालवणकडचे. ते म्हणाले, "साहेब, चोर चमचे घासून-पुसून कित्याक ठेवतलो?" चोराने चमचे घासून कशाला ठेवावेत, हा प्रश्न मलाही पडला होता; तरी मी त्यांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची मुलगी आली. "बाबांना कधी सोडनार? आमची वीस डुकरं उपाशी हायत."

"मग तू जाऊन पिंपं आण ना."

"गेलेली. दुसऱ्यानंच उचलली. एक दिवस नाय गेलं की हॉटेलवाले दुसऱ्याला देतात. कपाळावर खूण हाय त्याच्या."

मी साध्या कपड्यांत हॉटेलच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. जेवणाची वेळ होती. ताटांच्या चळती येत होत्या आणि एकेक ताट पिंपावर आपटून रिकामं होत होतं. पाव तासात दोन चमचे माझ्या डोळ्यांदेखत खरकट्यात बुडाले. पिंपाजवळ हातगाडी घेऊन माझा खबऱ्या उभा होता. मला पाहून त्याने मान फिरवली.

भांडी घासणाऱ्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "साहेब, चमचे कमी भरले की आमचा पगार कापतात. म्हातारा गुपचूप आणून द्यायचा म्हणून वाचत होतो. तुम्ही मॅनेजरला शेजारी उभा करून विचारलंत. काय बोलणार?"

म्हाताऱ्याला सोडलं. अहवालात 'गैरसमज' असा शब्द लिहिला आणि प्रकरण मिटवलं. पिंपं मात्र त्याला परत मिळाली नाहीत. महिनाभरात डुकरं विकली गेली.

खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा, हे मी त्यानंतर प्रत्येक वेळी विचारलं. नोकराला मालकासमोर कधी प्रश्न केला नाही. पण हे शिकायला ज्याचं घर बसलं, त्याच्याकडे जायला मला वर्ष लागलं.

गेलो तेव्हा तो दारातच बसला होता. मी माफीचं बोलायला लागलो तसा त्याने हात वर केला.

"हितं नाय साहेब. दोरी लावून जिथनं नेलात तिथं सांगा."

संध्याकाळची प्रार्थना संपेपर्यंत मी त्याच्यासोबत क्रुसापाशी थांबलो. लोक वळले. मी टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या माणसाने चोरी केली नव्हती. नीट चौकशी न करता मी त्याला तुमच्यासमोरून दोरी लावून नेलं. चूक माझी होती. बाबा, मला माफ करा."